फक्कीच्या अलीकडे

“सरक ना वं भागे! माही सावली तुह्या अंगावर पडून राह्यली.”

“तं पडू दे. तुही सावली काय सोन्याची हाय?”

“सोन्याची नसंल. पण पोरीसाठी आणली म्या. तुह्यासाठी नाई आणली.”

पहिली माझी माय, गिरजा. दुसरी भागाबाई, माझ्या मैत्रिणीची, रुखमाची माय. दोघी खो खो हसल्या आणि भागाबाई वीतभर बाजूला झाली. मग मायीची सावली तिच्या पायाखालून निघाली, तिच्या बाजूची पांढरी रेघ ओलांडून मधल्या मोकळ्या जागेत आली, आमच्या बाजूची रेघही ओलांडली आणि माझ्या पायांवर चढली. मी जराशी डावीकडे झाले. आता ती पुरती माझ्या अंगावर होती. मायीने हात वर केला. सावलीचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच थांबला.

महिन्यातल्या एका रविवारी, उन्हं कलली की ही भेट असायची. मायीला महारोग होता. मला नव्हता. मला होऊ नये म्हणून मी नीट बोलायलाही लागले नव्हते तेव्हाच मला तिच्यापासून काढून या बालगृहात आणून ठेवलं होतं. ती नाल्यापलीकडे, दवाखान्याच्या वस्तीत. आम्ही सगळीच मुलं तशी: निरोगी, आणि आजारी आईबापांची. भेटीच्या दिवशी मैदानावर चुन्याच्या फक्कीने दोन रेघा मारत. एक त्यांची, एक आमची. मधे बैलगाडी सहज जाईल एवढी जागा. ओलांडायचं नाही. बोलायचं ते ओरडून.

त्यांची रेघ पश्चिमेला होती. कलत्या उन्हात तिथे उभं राहिलं की सावली आपल्या मुलापर्यंत पोचते, हे पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आलं कोण जाणे. मला आठवतं तेव्हापासून बाया त्यावरून भांडतच होत्या. आमच्या बालगृहाच्या मोठ्या बाई, शरयूताई, हे सगळं व्हरांड्यातून बघायच्या. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. सावलीने काही लागत नाही, म्हणायच्या.

मायीला त्याचंच हसू यायचं. “माह्या आज्याची सावली पडली तं लोकं आंघोळी करत,” ती पलीकडून ओरडायची. “आन् अठी पोरी सावलीसाठी भांडून राह्यल्या. पाह्यलं काय भागे? दिवस फिरले आपले!”

फक्त एक होतं. सूर्य त्यांच्या पाठीमागे असायचा आणि आमच्या डोळ्यांत. त्यामुळे मायीचं तोंड मी कधी नीट पाहिलं नव्हतं. तिथे एक काळा आकार असायचा, त्याच्या कडेने ऊन सांडत असायचं, आणि आतून आवाज यायचा.

*

“दात पडला काय वं?”

“हो!”

“खालचा का वरचा?”

“रुखमे, थो फराक लहान झाला तुले!” मधेच भागाबाईचा आवाज.

“वरचा!”

“तं शेणात गाडजो, छपरावर नको फेकू!”

“ताईंनी फेकून दिला!”

“काय म्हणते थे? भागे, काय म्हणली माही पोरगी?”

“दात फेकून देल्ला म्हणते.”

“फेकून देल्ला?”

“माय, तू जेवलीस का?”

“हाव. तू?”

“हो!”

“काय खाल्लं?”

“वरण-पोळी!”

“माह्या बाप्पा. पोळी! रोज?”

“रोज नाही!”

“बामनाची झाली वं माही पोरगी. पाह्य कशी बोलते. ‘नाही’ म्हणते, ‘नाही’!”

पावसाळ्यात आभाळ भरलेलं असायचं. सावल्या नसायच्या, आणि बायांची तोंडं डोक्यावर ओढलेल्या घोंगड्यांत बुडालेली असायची. त्या भेटींना आम्ही दोन्ही बाजूंनी नुसते उभे राहून ओरडायचो आणि लवकर दमायचो.

*

शरयूताई वाईट नव्हत्या. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे जे येतं त्यात त्या वाईट दिसतील.

त्या पुण्याकडच्या. घरदार सोडून इकडे वऱ्हाडात आल्या होत्या, आमच्यासाठी. आम्हाला ताप आला की रात्रभर उशाशी बसायच्या. माझं नाव वत्सला हे त्यांनीच पक्कं केलं. मायीसाठी मी वच्छी होते. ‘मी जातो’ म्हटलं की त्या थांबवायच्या. “जातो नाही, जाते. तू मुलगी आहेस ना?” आमच्याकडच्या बाया ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात, माझी माय मरेपर्यंत तसंच बोलली. मी सहा वर्षांची असताना ‘जाते’ म्हणायला लागले आणि परत कधी ‘जातो’ म्हणू शकले नाही.

जेवणाआधी हात. शाळेतून आल्यावर हात. भेटीच्या रविवारी, मैदानावरून परतल्यावर, ओळीने उभं राहून लाल औषधाच्या पाण्यात हात, कोपरापर्यंत. आम्ही कोणाला शिवलेलो नसायचो. तरी.

रुखमाने एकदा विचारलं होतं, “ताई, सावलीनं काही लागत नाही ना? मग हात कशाला?”

“सवय असावी म्हणून,” ताई म्हणाल्या.

*

त्या सकाळी मी पेटीवर बसून वेणी घालून घेत होते. रुखमा घालत होती, म्हणजे ओढत होती.

“तुझी माय येते म्हणे आज. बरी झाली म्हणे ती.”

“हो.”

“तू जाणार मग?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही काय? माय न्यायला आली की जायचं असतं.” तिने वेणीला गाठ मारली. “माझी येईल तेव्हा मी तर पळतच जाईन.”

भागाबाई त्याच्या आदल्या पावसाळ्यात वारली होती. रुखमाला ताईंनी सांगितलं होतं, पण ती ते धरून चालत नसे.

व्हरांड्यात माय उभी होती. मी तिला ओळखलं नाही.

हे अगदी खरं सांगते. एक ठेंगणी बाई होती. लुगडं धुतलेलं, कडक वाळलेलं. भुवया नव्हत्या. नाक मधे बसलेलं, कानाच्या पाळ्या जाड. डोळे मात्र चांगले होते, फार चांगले, आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. उजेड तिच्या तोंडावर होता. मला वाटलं ही कोणी दुसरी, मायीबरोबर आलेली. मी तिच्या मागे बघायला लागले.

“कोणाले पाह्यतं वं?” ती बाई म्हणाली. आवाज मायीचा होता.

ताईंच्या हातात दवाखान्याचा कागद होता. गिरजाबाईंचा रोग गेला आहे, आता त्यांच्यापासून कोणाला धोका नाही, असं त्यावर होतं. ताईंनी तो मला वाचून दाखवला, मग घडी घातली.

“वत्सला, आमच्याकडे एक पद्धत आहे, तुला ठाऊक आहे. मूल आपण होऊन हात धरेल तरच आम्ही पाठवतो. मागे एकाला ओढून पाठवलं, तर तो तिसऱ्या दिवशी पळून परत आला. म्हणून. तू हात धर आणि जा. नाही वाटलं तर राहा. आपण पुढल्या उन्हाळ्यात परत बघू.”

“पुढल्या उन्हाळ्यात नाई चालत ताई,” माय म्हणाली. अजून हसतच होती. “माह्या भावाचा निरोप हाय. थो म्हणते, कागद मले वाचता येत नाई आन् गावाले बी नाई. तू एकटी येशीन तं लोकं येऊ देनार नाईत. पण पोरगी तुहा हात धरून आली, तं मी लोकाईले सांगीन. सोताची पोरगी धरत नाई तिले आमी काऊन घरात घ्याव, असं म्हणतीन ना लोकं? मंग मले कुठी जागा हाय? वस्तीतून तं नाव कटलं. बऱ्या मानसाले थे ठेवत नाईत.”

ती वाकली. तिने हात पुढे केला.

*

पुढचं थोडं मला ‘मी’ म्हणून सांगता येत नाही. ते वत्सलाने केलं. तिचं सांगते.

वत्सलाने हाताकडे पाहिलं. त्याची दोन बोटं अर्ध्यातच संपत होती. उरलेली आत वळली होती, पळीसारखी. तळवा स्वच्छ होता. नखं, जेवढी होती तेवढी, कापलेली होती. कोणीतरी दुसऱ्याने कापून दिली असणार.

वत्सला हात धरणार होती. तिने तसं ठरवलं होतं. तिने स्वतःला सांगितलं, धर. आणि तिचे पाय मागे गेले. एक पाऊल, मग दुसरं. पाठ भिंतीला लागली तेव्हा ती थांबली. तिने दोन्ही हात मागे नेले आणि भिंतीच्या चुन्यावर दाबून धरले.

“अहो, घाबरली आहे,” ताई म्हणाल्या. “वत्सला, धर हात. काही होत नाही.”

वत्सला ताईंकडे बघत राहिली.

“तुमी धरा अगुदर,” माय म्हणाली.

“काय?”

“तुमी धरा ना ताई. थे माह्याकडे पाहून काई शिकली नाई. तुमच्याकडेच पाहून शिकली जे शिकली थे. तुमी धरला तं थे धरते.”

मायीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शेजारणीला पीठ चाळून दे म्हणावं तसं ती म्हणाली.

ताईंचा हात उठला. मधेच, कमरेच्या वर, तो थांबला. किती? डोळा लवेल एवढंच. तेवढ्यात त्यांची बोटं वळून पदराशी गेली, पदर सारखा करून परत आली. मग त्यांनी मायीचा हात धरला. चांगला धरला, दोन्ही हातांनी.

“पाह्य,” माय म्हणाली. “ताईनं धरला का नाई?”

पण वत्सलाने ते मधलं पाहिलं होतं. आणि हेही पाहिलं की हात सोडल्यावर ताईंनी आपले दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरले, लुगड्याला लागू नयेत असे, आणि तसेच धरून ठेवले. त्यांना ते कळतही नव्हतं.

वत्सला भिंतीला आणखी चिकटली.

“गिरजाबाई,” ताई हळू आवाजात म्हणाल्या, “मला वाटतं आज नको.”

*

पुष्कळ वर्षांनी मला मुलगा झाला. त्याला उचलण्याआधी मी हात धुवायची. दूध पाजण्याआधी, पाजल्यावर, तो रडला तर, नाही रडला तर. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, “लई सोवळी पोरगी भेटली बाप्पा. मास्तरनीच जशी.” मग एकदा मुलगा पाळण्यात रडून रडून निळा झाला आणि मी मोरीवर उभी होते. तेव्हा त्या कौतुक विसरल्या. “हात धुन्यातच जाते काय हिचा जन्म?” त्यांनी त्याला उचलून माझ्या मांडीवर आपटल्यासारखा ठेवला आणि समोर बसून राहिल्या, मी उठू नये म्हणून.

अजूनही कोणी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं की मी आधी ऊन कुठून येतंय ते बघते. नवऱ्याला वाटायचं मी त्याच्याकडे बघत नाही.

*

मायीने बोचकं उचललं. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरली, अंगणात गेली. मला वाटलं गेली. संपलं. मला बरं वाटलं.

अंगणाच्या मधोमध ती थांबली आणि वळली. सकाळचं ऊन, कोवळंच, तिच्या पाठीमागून येत होतं. तिचं तोंड काळं झालं. कडेने ऊन सांडायला लागलं.

आणि तिची सावली अंगणातून सरपटत आली, पायऱ्या चढली, एक, दोन, तीन, वळ्या पडल्यासारखी, आणि व्हरांड्याच्या काठाशी येऊन थांबली.

“वच्छे,” ती म्हणाली.

ती माझी माय होती. मला काही विचार करावा लागला नाही. मी भिंत सोडली, पेटी उचलली, आणि चालत जाऊन सावलीत उभी राहिले. डोक्याच्या जागी डोकं, खांद्यांच्या आत खांदे.

“गिरजाबाई,” ताई म्हणाल्या, “अहो, पण हात...”

“तुमी म्हनलं आपल्या मनानं आली पाह्यजे. आली.”

ताईंनी घडी केलेला कागद माझ्या पेटीवर ठेवला. “वत्सला,” त्या म्हणाल्या, आणि पुढे काय म्हणणार होत्या ते त्यांनाच आठवलं नसावं. खिडकीत रुखमा उभी होती. तिने हात हलवला नाही.

*

मामाचं गाव तीन कोस, उगवतीला. तिकडे गाडी जात नसे. माय पुढे, उन्हाकडे तोंड करून, आणि मी मागे, तिच्या सावलीत. सुरुवातीला सावली एवढी लांब होती की मी सावलीच्या डोक्यात चालले तर मायीला माझी पावलं ऐकू येत नव्हती. ती मधून मधून विचारायची.

“हायस काय वं?”

“आहे.”

“माह्याकडं पाहू नको. खाली पाह्य. काटे हायत.”

ती बोलत होती, थांबत नव्हती. मामाकडे दोन म्हशी आहेत. एक मारकी आहे, तिच्या जवळ जायचं नाही. मामी तोंडाने फाटकी पण मनाने बरी. दारात लिंबाचं झाड आहे, त्याला माझ्या एवढ्या पोरी लोंबकळतात. आता भेटीतल्यासारखं ओरडून बोलायला नको होतं, पण तिची सवय जात नव्हती. पाठमोरी चालत ती सगळं रानाला सांगितल्यासारखं ओरडत होती.

मग ऊन वर चढायला लागलं.

मी आधी लक्ष दिलं नाही. एकदा माझं डोकं सावलीबाहेर आलं, उन्हाचा चटका बसला, म्हणून मी दोन पावलं पुढे झाले. थोड्या वेळाने परत. मग परत. सावली आखडत होती. मायीच्या डोक्यातून मी तिच्या मानेपाशी आले, खांद्याशी आले, पाठीशी आले. आता तिच्या टाचा दिसत होत्या. टायरच्या चपला, मागचा पट्टा तारेने बांधलेला. लुगड्याला साबणाचा वास होता, आमच्या बालगृहात असायचा तोच.

“जवळ आली काय वं?” ती म्हणाली. वळली नाही.

“ऊन लागतंय.”

“हाव. लागते.”

गावाअलीकडच्या दुसऱ्या नाल्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे. ते ओलांडून पलीकडे चढलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. मायीची सावली तिच्या पायांपुरती राहिली, तव्याएवढी. तीत माझं एक पाऊलसुद्धा मावेना. मी उघड्यावर होते. पुढे गाव दिसत होतं, वेशीपाशी चिंच, चिंचेखाली पार.

मायीचा हात तिच्या बाजूने हलत होता. पुढे, मागे. मी बराच वेळ त्याच्याबरोबर चालले. मग तो मागे आला तेव्हा त्याची करंगळी धरली.

ती गरम होती. खडबडीत होती, आणि बाकी काही नाही. मी वाट बघितली. काय होतं ते बघण्यासाठी मी श्वास धरून ठेवला होता. काही झालं नाही. मी चारही बोटं धरली. मला एकदम हसू आलं, मग रडू. आता ती वळेल असं मला वाटलं.

“...आन् मामीनं काई म्हनलं तं उलटून बोलजो नको,” माय म्हणाली. “पाहुने हावोत आपन.”

ती चालतच होती. मी हात दाबला. जोरात दाबला. नखं लागतील एवढा.

“ऊन तं पाह्य कसं पडलं,” ती म्हणाली.

मला कळलं. मला कळायला वेळ लागला नाही, कारण आमची दर आठवड्याला तपासणी होत असे. डोळे मिटायचे. ताई कापसाची वात अंगाला टेकवायच्या; कुठे टेकली ते आपण बोटाने दाखवायचं. ज्याला दाखवता आलं नाही तो दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडे जायचा. मी इतकी वर्षं ते बिनचूक दाखवत आले होते. रोग गेला तरी हातातली गेलेली जाण परत येत नाही, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी मायीला हाक मारली नाही. हात धरून तशीच चालत राहिले. त्या वाटेवर मी तिच्याबरोबर होते आणि ती एकटीच होती.

*

मामाने आम्हाला घेतलं. म्हशींच्या गोठ्यालगतची खोली दिली. मामी पाणी वरून ओतायची, पहिल्या वर्षी मायीला आणि मलाही; नंतर मला लोटाच हातात द्यायला लागली, नंतर मायीलाही. माझी भाषा ऐकून गावातली पोरं मला मास्तरनी म्हणायची. मी तिथे कधी पुरती वच्छी झाले नाही. वत्सलाही राहिले नाही. माय गेली तेव्हा माझी मुलं मोठी होती.

हे सगळं वेशीच्या आतलं आहे. मला वेशीच्या बाहेरचं सांगायचं होतं.

*

पारावर माणसं होती. आम्हाला बघून त्यांचं बोलणं थांबलं. एक म्हातारी तंबाखू मळत होती, तिचा अंगठा तळव्यावर तसाच राहिला. पुढे, पहिल्या घराच्या दारात, सुखदेवमामा उभा होता. तो पुढेही आला नाही आणि आतही गेला नाही.

मायीने पदर तोंडावर ओढला. ओठ न हलवता, माझ्यासाठी, हळू बोलायला लागली. तिला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

“पाहून राह्यले. तू भिऊ नको वं. मनात आलं तं धर माहा हात. नाई आलं तं नको धरू. निस्ती जवळ चाल. मी सांगीन लोकाईले, पोरगी थकली म्हनून.”

मी हात आणखी घट्ट धरला.

“वच्छे? हायस काय?”

“आहे.”

ती चालत राहिली. मग तिचं पाऊल मंद झालं. पारावरचे लोक तिच्याकडे बघत होते, पण तिच्या तोंडाकडे कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे खाली होते, तिच्या कमरेच्या बाजूला. म्हातारीचेही. मामाचेही. तिने पदर जरा वर केला, त्या डोळ्यांच्या मागोमाग तिचे डोळे खाली आले, आणि तिने पाहिलं.

ती उभीच राहिली.

“कवापासून वं?”

“नाल्यापासून.”

“इतकी वाट?”

“हो.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“मला वाटलं, कळेल.”

माय माझ्या हाताकडे बघत होती. दुसऱ्याच कोणाच्या घरात ठेवलेली आपली वस्तू बघावी तशी. मग तिने बोचकं धुळीत ठेवलं. दुसऱ्या हाताने, नजर तिथून न हलवता, तिने माझी बोटं एकेक करून आपल्या बोटांतून सोडवली. मला वाटलं ती हात सोडायला सांगते आहे, गावासमोर. मी घट्ट धरलं.

“नाई वं. सोड. अठी नाई.”

तिने माझा हात उचलला आणि वर नेला. आपल्या मनगटावर टेकवला, नाही अशी मान हलवली. मनगट आणि कोपर यांच्या मधल्या हाडावर टेकवला, पुन्हा मान हलवली. मग कोपराच्या वर, जिथे दंडाचं मांस मऊ होतं आणि चोळीचा काठ संपत होता, तिथे ठेवला आणि वरून आपला दुसरा, तसाच वाकडा हात दाबला.

“अठी धर,” ती म्हणाली. “अठी समजते मले.”

मी लहान होते. तिथपर्यंत पोचायला मला टाचा उचलाव्या लागल्या. तिने दुसऱ्या हाताने बोचकं उचललं आणि माझ्या बाजूचा खांदा खाली केला. मामा दारात होता, पारावर माणसं होती, आणि आम्ही दोघी तशाच, ती एका अंगाने कललेली आणि मी चवड्यांवर, गावात शिरलो.

“जोऱ्यानं,” माय म्हणाली.